उन्हात न बघायचा फोटो

मला कुणी फोटोग्राफर म्हटलं की माझं डोकं फिरतं. नांदेडात फोटोच्या धंद्यात मी चाळीस वर्षं घातली, पण फोटो असा कधी काढलाच नाही. काढायचे ते आमचे उस्ताद, बाहेर पडद्यापुढे, गिऱ्हाइकाची मान इकडे-तिकडे वळवत. मी आत, अंधाऱ्या खोलीत. मी छापणारा. बाजारात लोक उस्तादांना वाकून सलाम करायचे आणि मला विचारायचे, "करीम, तू कुठं असतोस रे हल्ली?" कुठं असतो! सकाळपासून तुमचीच तोंडं पाण्यात धूत होतो की!

या अंकाच्या संपादकसाहेबांनी सांगितलं, करीमभाई, तुमच्या स्टुडिओत कोण कोण मोठे पुढारी येऊन गेले ते लिहा. अहो, मी पुढारी पाहिले ते निगेटिव्हच्या काचेवर, उलटे. दात काळे आणि केस पांढरे. त्यातला कोण आमदार आणि कोण त्याचा ड्रायव्हर, मला काय कळणार? मला माहीत आहे तो कागद. म्हणून कागदाचंच लिहितो.

फोटोच्या कागदावर चांदीचा लेप असतो. दागिन्यातली चमकणारी चांदी नव्हे, औषधात मुरवलेली. तिला उजेड सोसत नाही. नेहमीचा कागद असायचा ब्रोमाइड. त्याच्यावर लाल दिव्यात काचेतून दोन-चार सेकंद उजेड टाकायचा. कागद कोराच्या कोरा दिसतो. मग औषधाच्या ट्रेमध्ये सोडायचा, की आधी केस येतात, मग भुवया, मग डोळे, आणि गाल सगळ्यात शेवटी. हजारो वेळा पाहिलं असेल मी ते. तुम्ही म्हणाल, बेजार झाला असशील. कसम सांगतो, एकदाही नाही. दर वेळी डोळे वर आले की माझ्या तोंडून 'या अल्ला' निघायचंच. उस्ताद बाहेरून ओरडायचे, "करीम, आत फोटो छापतोस का नमाज पढतोस?"

हाताची करामतही होती. ज्या जागेवर कमी उजेड पडेल ती जागा गोरी येते. मुलगी दाखवायच्या फोटोत घरचे लोक हळूच सांगायचे, जरा उजळ काढा. मग मी तळहात मध्ये धरून मुलीच्या तोंडावरचा उजेड अडवायचो. या तळहातानं किती लग्नं जुळवली आणि मागून किती शिव्या खाल्ल्या, त्याचा हिशेब वर द्यावा लागणार आहे मला.

पण माझा जीव होता तो दुसऱ्या कागदावर. त्याला आम्ही 'उन्हाचा कागद' म्हणायचो. त्याला चेहरा आणायला औषध लागत नव्हतं. लाकडी चौकटीत काच आणि कागद एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि चौकट गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायची. बस्स. ऊनच चेहरा काढायचं. चौकटीची पाठ अर्धी उघडून बघता यायचं. आधी गुलाबी, मग विटकरी, मग जांभळट. वजिराबादेतल्या आमच्या स्टुडिओच्या गच्चीवर भर उन्हाळ्यात मी डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसायचो आणि पाच-पाच मिनिटाला पाठ उघडून बघायचो. माणूस उगवताना दिसायचा तिथं.

गोम एकच. हा फोटो कच्चा. उन्हानं आणलेला आणि उन्हालाच खायला मोकळा. हायपो म्हणून खडे मिळतात, त्यांच्या पाण्यातून काढला की कागदातली उरलेली चांदी निघून जाते आणि फोटो पक्का होतो. नाही काढला, तर उजेडात काळा पडत जातो. आणि आमच्याकडे रीत अशी होती की पसंतीसाठी गिऱ्हाइकाला ही कच्ची कॉपीच द्यायची. काळ्या कागदात गुंडाळून. पोज पसंत पडली तर पक्का फोटो करायचा. देताना मी प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचो, "उजेडात उघडू नका. घरी जाऊन दिव्यावर बघा." दिव्याच्या पिवळ्या उजेडाचं या कागदाला फारसं काही वाटत नाही.

ऐकतंय कोण? हदगावकडचे एक अडते होते. त्यांनी बसमध्ये खिडकीपाशी बसून कच्ची कॉपी अख्ख्या गाडीला दाखवली. दुसऱ्या दिवशी तणतणत आले. "हे काय दिलं? घरात बायको विचारून राहिली, हे कोण म्हणून!" कागदावर नुसता जांभळा डाग आणि त्यात फेटा. उस्ताद हसून हसून खुर्चीवरून घसरले.

आता एक सांगायला जड जातं, पण सांगतो. त्या काळी फोटो काचेवर निघायचा. ज्या गिऱ्हाइकानं वर्षभर तोंड दाखवलं नाही, त्याची काच धुऊन टाकायची, अशी उस्तादांची शिस्त. गरम पाणी, सोडा, आणि पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचं. स्वच्छ झालेली काच फ्रेमला कामी यायची. हे काम माझं. शुक्रवारी नमाजाच्या आधी पाच-पंचवीस काचा धुवायचो. चेहरे पाण्यात सुटून सालीसारखे वर यायचे, ते मोरीत ओतायचो. तेव्हा काही वाटलं नाही. ही माणसं कुठं गेली, परत का आली नाहीत, असा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

पुढं उस्ताद गेले, रंगीत आलं, मग कॉम्प्युटर आला. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी घरी. आमची सून नसरीन घराच्या पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो, आधारचे फोटो करते आणि मी तिथं बसून लोकांना 'कॉलर नीट करा' म्हणतो. तेवढंच.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी ऑटोतून दोघं उतरले. एक म्हातारबाबा, ऐंशीच्या घरातले, धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. आणि त्यांची लेक, पन्नाशी ओलांडलेली, सुमनताई. चाकूरजवळच्या खेड्यातून पहाटेच्या गाडीनं आलेले. स्टुडिओ शोधत मोबाइलच्या दुकानात गेले, तिथून शेजारच्या पानवाल्यानं माझ्याकडं धाडलं. सुमनताई त्यांना आबा म्हणत होत्या, म्हणून मीही आबा म्हणायला लागलो.

आबांनी बंडीच्या खिशातून काळी घडी काढली. घडी बघितली आणि मी ती लगेच ओळखली. तो आमचा कागद होता. काचांच्या खोक्यात यायचा तो.

"मास्तर, आठ दिसांनी येतो म्हणलो व्हतो," आबा म्हणाले. "जमलं न्हाई."

नसरीननं खिडकी लावली, पडदा ओढला. अंधारात एक पिवळा बल्ब लावून मी घडी उघडली. जांभळट विटकरी कागद, कडा जुन्या भांड्यासारख्या चकाकत होत्या. मध्ये खुर्चीवर बसलेली नऊवारीतली बाई. पुढं आमच्या स्टुडिओतली क्रोटनची कुंडी. डोळे, नाक, कपाळावरचं कुंकू, सगळं होतं. पन्नासहून जास्त वर्षं झालेली कच्ची कॉपी! असं होऊच शकत नाही. मी कागद बल्बच्या आणखी जवळ नेला.

"हे... हे टिकलं कसं?"

"टिकलं कसं म्हंजी? तुम्ही सांगितलं व्हतं ना, उजेडात उघडू नका म्हणून. न्हाई उघडलं."

हकिकत अशी. आबांची बायको हदगावकडची. सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी पोचवायला निघाले. नांदेडला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात तिला हौस आली, फोटो काढू. उस्ताद पोटुशी बाईपुढं कायम कुंडी ठेवायचे, लाजेकाजेला आणि नजर लागू नये म्हणून. संध्याकाळच्या गाडीआधी मी कच्ची कॉपी दिली असणार. तिला पोचवून आबा आपल्या गावी आले. दोन महिन्यांनी निरोप आला तो मुलगी झाली आणि बाई गेली, असा. आबा स्टुडिओत कशाला येतील? कोणत्या तोंडानं पोज पसंत करायची? पण काळी घडी त्यांनी ट्रंकेत ठेवली. दुसरं लग्न केलं नाही. पितृपक्षात अविधवा नवमीला, जी बाई सवाष्ण गेली तिचा तो दिवस, नैवेद्य दाखवून झाला की दार लावायचं, कंदील बारीक करायचा आणि लेकीला आई दाखवायची. घटकाभर. मग घडी बंद, ती पुढच्या नवमीपर्यंत.

"मला आई वर्साला येवढीच दिसली, चाचा," सुमनताई म्हणाल्या. आणि कुंडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् ही मी. हितं मागं हाव मी."

'उजेडात उघडू नका', मी दिवसातून दहा जणांच्या अंगावर फेकायचो ते वाक्य. फेकायचो आणि विसरायचो. आणि एक माणूस ते उरावर घेऊन जन्मभर वागला. मी मागे सरकून स्टुलावर बसलो. नसरीन पाणी घेऊन आली, मला द्यावं की आबांना हे तिला कळेना.

मग कामाचं कळलं. आबांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याची नजर डॉक्टर म्हणाले वर्षा-सहा महिन्यांत जाईल. त्या वर्षीच्या नवमीला कंदिलावर त्यांना बायको दिसलीच नाही. वात मोठी केली, तरी नाही. भर उन्हात डोळ्याजवळ धरलं तरच त्यांना आता काही दिसतं. आणि उन्हातच तर हा कागद उघडायचा नव्हता.

"पक्का करून द्या," आबा म्हणाले. "नजर हाय तवर एकदा उन्हात बघतो तिला."

नसरीन हुशार. तिनं त्याच पिवळ्या उजेडात स्टँडवर कॅमेरा लावून कॉपी काढली, कॉम्प्युटरवर स्वच्छ केली आणि वहीएवढा फोटो छापून दिला. छान आला होता, खोटं कशाला बोलू. सुमनताईंनी छातीशी धरला. आबांनी तो दारात नेऊन उन्हात धरला, बोटानं चाचपला आणि परत दिला. "झ्याक हाय, पोरी. भिंतीला लावू. पन ज्या कागदावर मी तिला सांभाळलं, त्यो ह्यो न्हाई." 

मी सांगितलं, आबा, धोका आहे. चेहरा उडून जाऊ शकतो. कागदाच्या खालच्या कडेची सुतळीएवढी पट्टी कापून आधी बघावं लागेल. आबांनी बोटानं कागदाची खालची कड चाचपली. मग म्हणाले, "पायाकडून कापा. तोंडाला हात लावू नका."

हायपो कुठं मिळतो ठाऊक आहे का आता? मासे विकणाऱ्याकडं! काचेच्या टाकीतल्या पाण्याचा क्लोरीन मारायला तेच खडे लागतात. ज्या औषधानं अख्ख्या नांदेडचे बापजादे पक्के केले, ते आता रंगीत माशांच्या सेवेला. खैर. खडे आणले, पट्टी सोडली. डोळ्यांदेखत जांभळा रंग उतरला आणि राहिला फिकट पिवळा, चहा सांडल्यासारखा. तिच्या पायाखालच्या पाटाच्या कडेची रेघ होती तीही जेमतेम दिसत होती. मी म्हटलं, नाही, हे मी करणार नाही. नेऊन ठेवा परत ट्रंकेत.

"त्या वक्ताला तुम्ही कसं करत व्हते मग?"

"त्या वक्ताला आधी सोन्याच्या पाण्यातून काढायचो, आबा. सोनं चांदीवर बसतं, मग रंग उतरत नाही. आता कुठून आणू ते पाणी?"

सुमनताईंनी गळ्यात हात घातला. त्यांच्या पोतीत दोन मणी वेगळे होते, जुन्या घडणीचे. आईच्या मंगळसूत्रातले. त्यातला एक त्यांनी तिथंच दातांनी दोरा तोडून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "तिचंच हाय. तिलाच लागू द्या."

सराफ्यात माझा एक दोस्त आहे, सोनं गाळणारा. तो आधी हसला, मग सगळं ऐकल्यावर त्यानं मणी हातात घेतला. मण्यातलं तांबं त्यानं काढून टाकलं, उरलं ते शुद्ध सोनं तेजाबात विरघळवलं आणि लिंबाच्या सरबताच्या रंगाचं पाणी बाटलीत भरून दिलं. त्यातला तेजाब मारायला मी खडूची पूड टाकली, जशी उस्ताद टाकायचे. रात्रंदिवस ती बाटली मी कुणाला हात लावू दिली नाही. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. नसरीन म्हणाली, "अब्बा, कॉपी आहे ना आपल्याकडं, एवढं काय?"  

आठव्या दिवशी दोघं काळी घडी घेऊन गावाहून परत आले. दुसरी पट्टी कापली, सोन्याच्या पाण्यातून काढून हायपोत सोडली. रंग थोडा उतरला आणि थांबला. थांबला! मग मी हात धुतले आणि आबांच्या समोर बसलो. म्हटलं, कागद बुडवायच्या आधी एक ऐका. तुमची काच असती तर आज हा जीवघेणा प्रकारच नसता, पाहिजे तेवढे फोटो काढून दिले असते. ती काच मी धुतली. या हातांनी. तुम्ही वर्षभर आला नाहीत म्हणून.

सुमनताईंनी मान खाली घातली. आबांनी विचारलं, "मग त्या काचंचं काय केलं?"

"फ्रेमला लावली. कुणाच्या तरी फोटोवर."

"म्हंजी कुणाच्या तरी घरात भिंतीला हाय ती." आबा जरा वेळ स्वतःशीच मान हलवत राहिले. "असू द्या. तुम्हाला काय ठावं, मास्तर. चला, करा."

खोली अंधारली. पिवळा बल्ब. पहिलं साधं पाणी. कागद बुडवला आणि पाणी दुधासारखं झालं. ती कागदातली चांदी, आजपर्यंत जागी राहिलेली. तीन पाणी बदलली तेव्हा स्वच्छ राहिलं. मग सोन्याचं पाणी. बशी हळूहळू हलवत राहिलो. विटकरी रंग गेला, जांभळा आला, कुंकू गडद झालं. मला सोनं दिसत नव्हतं, पण ते त्या बाईच्या अंगावर बसत चाललं होतं, हे मला कळत होतं. आणि मग हायपो.

तोंड फिकं पडायला लागलं. आधी कपाळ, मग गाल. सुमनताईंनी माझा दंड धरला, नखं रुतली. "चाचा, चालली का?" मी बशी हलवत राहिलो.  मनात एकच, थांब बाई, थांब, तुझ्या माणसानं लई वाट बघितली. नाकाची चमकी पुसट झाली, ओठांची कड पातळ झाली, आणि तिथं ती थांबली. मी आणखी पूर्ण दहा मिनिटं मोजली. हलली नाही. डोळे जसेच्या तसे माझ्याकडं बघत होते. मी रडलो, सांगायला लाज कसली.

तासभर वाहत्या पाण्यात धुतला, टिपकागदावर टिपला. बाहेर अंगणात दुपारचं लख्ख ऊन होतं. आबा सावलीत खुर्चीवर. फोटो त्यांच्या हातात दिला तर त्यांनी झटकन उपरणं त्याच्यावर ओढलं. पन्नास वर्षांची सवय.

"आबा, आता काढा वर. आता ऊन काही करत नाही तिला."

"जळंल की हो."

"नाही जळत. या अल्ला, मी सांगतो ना! मीच सांगितलं होतं उघडू नका, आता मीच सांगतो, उघडा."

मी हात धरून त्यांना उन्हात नेलं. त्यांनी उपरणं बाजूला केलं, फोटो राहिलेल्या डोळ्याजवळ नेला, मागे घेतला, परत जवळ नेला. ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं. आबा बघत राहिले.   आबांच्या ओठांची नुसती हालचाल होत होती.

मग ते लेकीकडं न बघताच म्हणाले, "सुमे, तुझ्या पोरीला कितवं चालू हाय गं?"

"एकोणीस संपलं की आबा."

"ही अठराची व्हती." त्यांनी बोटानं कागदाची कड पुसली. "मास्तर, कंदिलावर मला वर्साला माझी बायको दिसायची. माझ्या संगंच म्हातारी व्हत चालल्याली. ही तर लेकरू हाय हो. येवढंसं लेकरू. अन् मी तिला येकलीला गाडीतून उतरवून परत आलो."

सुमनताई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आबांनी त्यांना हाक मारली.

"रडू नको. हिकडं ये. मी काय आता, नजर चालली माझी. तू मोठी हाईस हिच्याहून. तू सांभाळ हिला."

सुमनताईंनी दोन्ही हातांनी पदर पुढं धरला, आणि आबांनी त्यांची आई त्यांच्या ओटीत घातली.